घराच्या किमतीत मुरलेला भेदभाव

प्रश्न असा आहे: अमेरिकेत वर्ण पाहून घर नाकारणे १९६८ पासून बेकायदा आहे. दोन पिढ्या उलटल्या. तरीही शिकागो, डेट्रॉइट, मिलवॉकी अशा शहरांत कृष्णवर्णीयांच्या आणि गोऱ्यांच्या वस्त्या आजही वेगळ्या का? आणि हा जुन्या भेदभावाचा परिणाम म्हणायचा की आजच्या कमाईतल्या फरकाचा?

अमेरिकेतल्या गृहकर्जांच्या फाइली आणि घरांचे मूल्यांकन अहवाल तपासण्यातच माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळे उत्तर थोडे किमतीच्या अंगाने येईल. माझ्या मते ते तिथेच आहे.

आधी कमाईचा मुद्दा, कारण चर्चा बहुतेक वेळा तिथेच संपवली जाते. ब्राउन विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ जॉन लोगन यांनी २०११ मध्ये जनगणनेच्या आकड्यांवरून दाखवून दिले, की वर्षाला ७५ हजार डॉलरपेक्षा जास्त कमावणारे कृष्णवर्णीय कुटुंब सरासरी ज्या वस्तीत राहते, ती वस्ती ४० हजारांहून कमी कमावणाऱ्या गोऱ्या कुटुंबाच्या वस्तीपेक्षा गरीब असते. कमाईच वस्ती ठरवत असती, तर हे चित्र नेमके उलटे दिसले असते. दुसरी गोष्ट शहरांच्या वयाची. फीनिक्स आणि लास व्हेगास ही शहरे मुख्यतः १९६८ नंतर वाढली. तिथली वर्णावर आधारलेली विभागणी डेट्रॉइट किंवा मिलवॉकीच्या मानाने बरीच सौम्य आहे. ज्या शहरांची घरे भेदभाव कायदेशीर असताना बांधली गेली, तिथे तो आजही ठळक दिसतो. फीनिक्सची माणसे मनाने जास्त उदार आहेत, असे मानायला काही आधार नाही. घरे कधी बांधली आणि तेव्हा ती कोणाला विकता येत होती, यानेच बराचसा फरक पडला.

आता मूळ गोष्ट. १९३० च्या आधी अमेरिकेत घर घेणे सामान्य पगारदाराच्या आवाक्यात नव्हते. निम्मी रक्कम आधी भरायची, कर्ज पाच-दहा वर्षांचे, आणि मुदत संपताना उरलेल्या कर्जाची मोठी रक्कम एकदम फेडायची. मंदीत ही व्यवस्था कोसळली. मग १९३३ मध्ये बुडत्या कर्जदारांना वाचवण्यासाठी होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन आले आणि १९३४ मध्ये गृहकर्जांचा सरकारी विमा उतरवणारे फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएचए. कर्ज बुडाले तर सरकार भरून देणार, म्हणून बँका वीस-पंचवीस वर्षांच्या मुदतीने आणि थोड्या डाउन पेमेंटवर कर्ज देऊ लागल्या. अमेरिकी मध्यमवर्ग घरमालक झाला तो या विम्यामुळे.

या काळाचे म्हणून जे लाल-पिवळे-निळे-हिरवे नकाशे सगळीकडे दाखवतात, ते यांतल्या पहिल्या संस्थेचे, होम ओनर्स लोन कॉर्पोरेशनचे. दोनशेहून अधिक शहरांच्या वस्त्यांना तिने १९३५ ते १९४० या काळात अ पासून ड पर्यंत प्रत दिली. ड म्हणजे लाल, धोक्याची. रेडलायनिंग, म्हणजे अशी लाल रेघ मारून वस्तीला कर्ज नाकारणे, हा शब्द आज लोकांच्या तोंडी आहे तो या नकाशांमुळे. पण सगळे खापर त्यांच्यावर फोडणे मला पटत नाही. त्या संस्थेने आपली बहुतेक कर्जे नकाशे तयार होण्याआधीच वाटली होती, आणि पुढे लाल झालेल्या भागांतही वाटली होती. अर्थशास्त्रज्ञांत यावर अजून वाद आहे. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या शिकागो शाखेतल्या, म्हणजे शिकागो फेडरल रिझर्व्हच्या संशोधकांना लाल आणि पिवळ्या रेषांच्या दोन बाजूंना पुढची कित्येक दशके वाढत गेलेला फरक आढळला. इतर काहीजण म्हणतात, नकाशांनी आधीच असलेली स्थिती फक्त टिपली. माझा कल असा, की खरा दोषी एफएचए. त्याची स्वतःची नियमपुस्तिका होती. १९३८ च्या आवृत्तीत कर्ज तपासनिसाला सूचना आहे, की वस्तीत विजोड वांशिक गट शिरण्याची शक्यता असेल तर ती जोखीम धरावी. विक्रीवर वर्णाची अट घालणारे खरेदीखत ही त्या पुस्तिकेच्या दृष्टीने जमेची बाजू होती. नकाशा एका काळाचा. ही पुस्तिका मात्र देशभरातल्या तपासनिसांच्या टेबलावर रोजच्या वापरात होती.

तिचा परिणाम विटांत पाहायचा तर डेट्रॉइटच्या एट माइल भागात जावे. १९४१ मध्ये तिथे एका बिल्डरला गोऱ्यांसाठी वसाहत बांधायची होती, पण शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती असल्यामुळे विमा मिळेना. त्याने दोन्हींच्या मध्ये सहा फूट उंच, जवळजवळ अर्धा मैल लांब काँक्रीटची भिंत घातली. विमा मंजूर झाला. भिंत आजही उभी आहे.

किंवा न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचे लेव्हिटटाउन घ्या. १९४७ पासून चार-पाच वर्षांत तिथे सतरा हजारांहून अधिक घरे उठली. युद्धावरून परतलेल्या सैनिकाला साधारण आठ हजार डॉलरला, जवळपास काहीही आगाऊ न भरता घर. कारखान्यातल्या कामगारालाही हप्ता झेपायचा. सुरुवातीच्या करारात मात्र स्पष्ट अट होती, की घर कॉकेशियन, म्हणजे गोऱ्या, वंशाखेरीज कोणाला वापरू द्यायचे नाही. तीच लढाई लढून आलेला कृष्णवर्णीय सैनिक रांगेतून परत गेला. तिथले तसले घर आज सहा लाख डॉलरच्या पुढे जाते. २०१० च्या जनगणनेतही लेव्हिटटाउनमधल्या कृष्णवर्णीयांचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपासच होते, आणि त्यासाठी आता कोणाला अट लिहावी लागत नाही. त्या काळी जो हप्ता भरू शकला असता, त्याच्या नातवाला आजच्या भावात ते घर परवडत नाही, एवढे पुरे होते.

माझा मुद्दा इथेच आहे. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने नकार बंद केला. तीस-चाळीस वर्षे नकार देऊन जी किंमत तयार झाली होती, तिला कायद्याने हात लावला नाही. एका बाजूला वाढलेली मालमत्ता तिच्या मालकांकडे राहिली, दुसऱ्या बाजूला न वाढलेली तिच्या मालकांकडे. आणि दुसऱ्या दिवसापासून म्हणे सगळे समान.

खाजगी अटींबद्दल थोडे सांगायला हवे, कारण सरकारने एकट्याने हे केले अशी समजूत होऊ नये. बाल्टिमोरने १९१० मध्ये वर्णानुसार रस्ते वाटून देणारा कायदाच केला होता. असे कायदे १९१७ मध्ये बुकॅनन विरुद्ध वॉर्ली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवले. मग लोक खरेदीखतात अट घालू लागले. न्यायालयाने १९२६ मध्ये त्याला मोकळीक दिली आणि १९४८ मध्ये शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात सांगितले, की अशी अट न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाही. अनेक जुन्या खतांत ती वाक्ये अजूनही छापलेली सापडतात, आणि घर घेणारे ती वाचून दचकतात. कृष्णवर्णीयांबरोबर ज्यू आणि आशियाईही त्यांत असत. आपली माणसेही सुटली नाहीत. पेशावरहून १९१५ मध्ये आलेले वैष्णो दास बगाई आणि त्यांच्या पत्नी कला यांनी बर्कलीत घर विकत घेतले. सामान घेऊन पोचले तर शेजाऱ्यांनी त्यांना आत जाता येऊ नये म्हणून घर कुलूपबंद केलेले. ते कुटुंब माघारी फिरले. याच बर्कलीने १९१६ मध्ये काही भाग केवळ एका कुटुंबाच्या सुट्या घरांसाठी राखून ठेवले. अशा झोनिंगची, म्हणजे कुठल्या भागात काय बांधता येईल हे ठरवणाऱ्या नियमांची, सुरुवात करणाऱ्या पहिल्या शहरांत ते मोजले जाते. आता तिथल्या एका रस्त्याला कला बगाई यांचे नाव आहे.

हे झोनिंग साधे दिसते, पण टिकाऊपणात त्याच्या तोडीचे दुसरे हत्यार नाही. नियमात वर्णाचा शब्दही नसतो. एका प्लॉटवर एकच घर, प्लॉट किमान एवढा मोठा, भाड्याच्या इमारतीला परवानगी नाही. बस. ज्याच्याकडे मोठ्या प्लॉटचे पैसे नाहीत तो आपोआप बाहेर. आणि पैसे कोणाकडे का नाहीत, ते वर आलेच. १९७७ मध्ये शिकागोजवळच्या आर्लिंग्टन हाइट्स गावाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाचे म्हणणे पडले, की संविधानाच्या आधारे दाद मागायची तर केवळ परिणाम दाखवून भागणार नाही, गावाचा हेतू वर्णभेदाचा होता हे सिद्ध करा. हेतू कोण लिहून ठेवतो! फेअर हाउसिंग कायद्याखाली परिणामावरूनही दावा करता येतो, हे न्यायालयाने मान्य करायला २०१५ उजाडले, तेही पाच विरुद्ध चार मतांनी.

आता कर्ज न मिळालेल्यांचे काय झाले, ते. घर घेणे काही थांबले नाही. शिकागोच्या नॉर्थ लॉनडेलसारख्या भागात १९५० आणि ६० च्या दशकांत दलाल गोऱ्या मालकांना घाबरवून स्वस्तात घर घेत आणि तेच घर दुप्पट भावाने कृष्णवर्णीय कुटुंबाला हप्त्यांवर देत. पण खरेदीखत शेवटचा हप्ता भरेपर्यंत दलालाच्याच नावावर. एक हप्ता चुकला की घर गेले, आधी भरलेले सगळे पैसेही गेले, आणि तेच घर पुढच्या गिऱ्हाइकाला. चढा हप्ता भरण्यासाठी दोन नोकऱ्या करायच्या, खोल्या भाड्याने द्यायच्या, दुरुस्ती टाळायची. वस्ती खालावली की ‘बघा, हे लोक घरे कशी ठेवतात’ असे म्हणायला शेजारचे मोकळे. १९६८ मध्ये या कुटुंबांनी काँट्रॅक्ट बायर्स लीग काढून हप्ते रोखले, तेव्हा बाहेरच्या जगाला हा प्रकार कळला. वगळले गेलेल्यांना संधी मिळाली नाही, एवढीच ही गोष्ट नाही. वगळले गेले म्हणून त्यांना तीच वस्तू जास्त पैशांत आणि जास्त जोखमीने घ्यावी लागली.

इथून माझ्या रोजच्या कामात येतो. घराची किंमत ठरवताना मूल्यांकन करणारा आसपास अलीकडे विकली गेलेली सारखी घरे शोधतो आणि त्यांच्यावरून आकडा काढतो. पद्धत म्हणून ती चुकीची नाही. पण आसपास म्हणजे तीच वस्ती. कालच्या स्वस्त विक्रीवरून आजची किंमत निघते, आणि आजची किंमत उद्याच्या अहवालात आधार म्हणून जाते. या साखळीत कोणी एकाने वर्णाचा विचार केलाच पाहिजे असे नाही. तरी बँकांकडून गृहकर्जे विकत घेणाऱ्या फ्रेडी मॅक या सरकारपुरस्कृत संस्थेने २०२१ मध्ये खरेदीच्या लाखो मूल्यांकनांची छाननी केली, तेव्हा कृष्णवर्णीय बहुल भागांत साडेबारा टक्के अहवालांतली किंमत सौद्याच्या किमतीपेक्षा कमी निघाली. गोऱ्यांच्या भागांत हे प्रमाण ७.४ टक्के. मूल्यांकन कमी आले की बँक तेवढ्यावरच कर्ज देते, उरलेली तफावत गिऱ्हाइकाला खिशातून भरावी लागते किंवा सौदा मोडतो.

याहून वाईट दुरुस्तीचे. समजा घराला ८० हजार डॉलरची डागडुजी लागणार आहे, आणि ती केल्यावर त्याची किंमत जेमतेम ६० हजार होईल. कुठलीही बँक यावर कर्ज देणार नाही, आणि तिच्या जागी मी असतो तर मीही दिले नसते. घर तसेच पडून राहते, शेजारच्या घराची किंमत आणखी उतरते. भरीला, कर्ज लाखाच्या आत असेल तर बँकांना त्यात रस नसतो, कारण कागदपत्रांचा खर्च मोठ्या कर्जाएवढाच येतो. म्हणजे जिथे घर सर्वांत स्वस्त, तिथेच कर्ज मिळणे अवघड.

आणि मालमत्ता कर? शिकागो ज्या कुक काउंटीत येते तिथे आणि डेट्रॉइटमध्ये स्वस्त घरांवर त्यांच्या खऱ्या किमतीच्या मानाने जास्त कर लागत असल्याचे उघड झाले आहे. बाजार पडला तरी कराच्या नोंदीतली किंमत लवकर खाली येत नाही. एकाच घराची किंमत बँकेच्या कागदावर कमी आणि कर खात्याच्या कागदावर जास्त, असे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले की या सगळ्यावर वेगळे भाष्य करावेसे वाटत नाही.

आता एकूण बेरीज. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती सुमारे २ लाख ८५ हजार डॉलर होती, कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५ हजार. कमाईतली तफावत याच्या जवळपासही नाही. गोऱ्यांपैकी साधारण ७४ टक्के कुटुंबे स्वतःच्या घरात राहतात, कृष्णवर्णीयांपैकी ४५ टक्क्यांच्या आसपास. हे अंतर १९६० मध्ये, भेदभाव पूर्ण कायदेशीर असताना, होते त्याहून आज कमी नाही, किंचित जास्तच आहे. मधल्या काळात ते थोडे सांधत आले होते. पण २००० नंतर बँकांनी याच वस्त्यांत महागडी सबप्राइम, म्हणजे पत कमी असलेल्यांसाठीची, कर्जे खपवली. चांगल्या कर्जाला पात्र असलेल्यांनाही ती गळ्यात मारली, असा सरकारचा आरोप होता. कंट्रीवाइडने २०११ मध्ये ३३.५ कोटी डॉलर आणि वेल्स फार्गोने २०१२ मध्ये साडेसतरा कोटी डॉलर मोजून ती प्रकरणे मिटवली. तोवर घरे गेली होती. आधीच्या पिढ्यांना कर्ज नाकारले म्हणून नुकसान, आणि या पिढीला नको ते कर्ज हातात दिले म्हणून.

शाळा, रस्ते आणि हवा यांबद्दल थोडक्यात सांगतो, त्यावर भरपूर लिहिले गेले आहे. शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून निघतो. ही विषमता संविधानविरोधी नाही असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये ठरवले, आणि १९७४ मध्ये डेट्रॉइटच्या मुलांना उपनगरातल्या शाळांत मिसळण्याची योजना अडवली. १९५६ नंतर महामार्ग आखताना स्वस्त जमीन शोधली गेली. ती कुठे होती हे सांगायला नको. सेंट पॉलमधली रोंडो, डेट्रॉइटमधली ब्लॅक बॉटम, मायामीतली ओव्हरटाउन, या नांदत्या वस्त्या मधोमध कापल्या किंवा पुसल्या गेल्या. उन्हाळ्याचे तापमानही वस्तीगणिक बदलते. १०८ शहरांच्या २०२० मधल्या अभ्यासात जुन्या लाल भागांचा पृष्ठभाग इतर भागांपेक्षा सरासरी २.६ अंश सेल्सियसने जास्त तापलेला आढळला. झाडे कमी, डांबर जास्त. कॅलिफोर्नियातल्या आठ शहरांत अशा भागांतून दम्यासाठी तातडीने दवाखान्यात येणाऱ्यांचे प्रमाण सर्वांत वरच्या प्रतीच्या भागांच्या सुमारे २.४ पट होते.

वस्तीचा परिणाम खरोखर होतो की मुळात वेगळी माणसे वेगळ्या वस्तीत राहतात, ही शंका रास्त आहे. तिचे सर्वांत चांगले उत्तर एका सरकारी प्रयोगात आहे. १९९४ ते १९९८ मध्ये बाल्टिमोर, बोस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कमधल्या सुमारे ४,६०० गरीब कुटुंबांपैकी काहींना सोडत काढून कमी गरिबीच्या भागात जाण्यासाठी भाड्याची मदत दिली गेली. मोठ्यांची कमाई फारशी बदलली नाही, म्हणून बराच काळ प्रयोग फसला असेच बोलले जायचे. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मुलांचा हिशेब काढला. तेराव्या वर्षाच्या आत ज्यांची वस्ती बदलली, ती मुले पंचविशीत इतरांपेक्षा ३१ टक्के जास्त कमावत होती. तेरानंतर गेलेल्यांना मात्र फायदा झालाच नाही, झाला तर थोडा तोटाच. वस्तीत काढलेले प्रत्येक वर्ष थोडे-थोडे मोजले जाते, असे मी यातून वाचतो.

या सगळ्यावरून भेदभाव इतिहासजमा झाला असेही समजू नका. केंद्र सरकारच्या २०१२ च्या चाचणीत सारख्याच कमाईचे गोरे आणि कृष्णवर्णीय गिऱ्हाईक एकाच एजंटकडे पाठवले, तर घर विकत घ्यायला आलेल्या कृष्णवर्णीयाला सुमारे १८ टक्के कमी घरे दाखवली गेली. न्यूजडे या दैनिकाने लाँग आयलंडवर, म्हणजे लेव्हिटटाउनच्याच परिसरात, अशीच छुपी तपासणी करून २०१९ मध्ये ती छापली. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना निम्म्या वेळा वेगळी वागणूक मिळाली होती, आशियाईंना जवळपास पाचांत एकदा. तोंडावर कोणी नाही म्हणत नाही. एजंट हसून स्वागत करतो, फक्त यादी वेगळी देतो.

तेव्हा जुन्याचा वाटा किती आणि नव्याचा किती, अशी टक्केवारी मी देणार नाही. देणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका, कारण आजचा एजंट जी वस्ती ‘तुमच्यासाठी योग्य’ म्हणून सुचवतो ती त्या जुन्या धोरणानेच घडवलेली आहे. उपायांकडे पाहतानाही मी एवढेच तपासतो, की हा उपाय किमतीला आणि झोनिंगला हात लावतो का. १९७७ च्या कम्युनिटी रीइन्व्हेस्टमेंट कायद्याने बँकांना ज्या भागातून ठेवी घेता तिथेही कर्ज द्या असे सांगितले, आणि त्याचा उपयोग झाला. फेअर हाउसिंग कायद्याला दात फुटले ते १९८८ च्या दुरुस्तीने. मिनियापोलिसने एकाच घराची सक्ती काढून त्याच प्लॉटवर तीन घरांना परवानगी दिली. जुन्या खतातली अट रद्द करून घेण्याची सोय काही राज्यांनी केली आहे. ती करावी, पण तिने कोणाच्या खात्यात एक डॉलरही येत नाही. शिकागोला लागून असलेल्या इव्हॅन्स्टन शहराने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या योजनेतून, १९१९ ते १९६९ या काळात तिथे राहिलेल्या कृष्णवर्णीयांना आणि त्यांच्या वंशजांना घरासाठी २५ हजार डॉलर द्यायला सुरुवात केली. २०२४ मध्ये या योजनेवर वर्णाच्या निकषामुळेच केंद्रीय न्यायालयात दावा लागला. आणि २५ हजारांची ही रक्कम त्या शहरातल्या मध्यम घराच्या वीस टक्के डाउन पेमेंटलाही पुरत नाही.